बिनमध्ये डीओआरबी अडकतो, हातोड्याने ठोकावं लागतं – उपाय काय?

नमस्कार. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. उत्तर जरा लांब होणार आहे, कारण यात दोन-तीन गोष्टी एकमेकांत गुंतल्यात आणि त्या सुट्या केल्याशिवाय पैसे चुकीच्या जागी जातील. मी गेली चोवीस वर्षं हॉपर, बिन, सायलो, स्क्रू कन्व्हेअर, म्हणजे सुटा माल साठवायचं आणि पुढे न्यायचं, हेच काम करतोय, जास्त करून पशुखाद्य, पीठ आणि फ्लाय अॅशचे (कोळशाच्या बारीक राखेचे) प्लांट.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. छोटा पशुखाद्याचा प्लांट, वीस-वीस टनाचे चार चौकोनी बिन, साध्या एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याचे, खाली निमुळता होत जाणारा, उलट्या पिरॅमिडसारखा हॉपर, दहा इंचाचं तोंड आणि त्याखाली माल पुढे ढकलणारा स्क्रू. मका व्यवस्थित उतरतो. डीओआरबी, म्हणजे तेल काढून घेतलेला तांदळाचा कोंडा, मात्र दोन-चार पोती पडला की बंद. एक माणूस कायम हातोडा घेऊन उभा, व्हायब्रेटर लावला तर आणखी घट्ट झालं, आणि अगदीच नाही जमलं तर एक पोरगा वरच्या मॅनहोलमधून आत उतरून बांबूने ढोसतो. फॅब्रिकेटर म्हणतो बिनची उंची वाढवा, वरच्या वजनाने माल दाबून खाली येईल. एजंट म्हणतो एअर ब्लास्टर घ्या, म्हणजे दाबलेल्या हवेचा झोत मारून माल मोकळा करणारं यंत्र. आणि तुम्ही विचारताय की बाजूने दुसरं तोंड पाडलं तर चालेल का.

सगळ्यात आधी तो पोरगा. ते आजपासून बंद करा, बाकी उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एका प्लांटवर हे डोळ्यांनी बघितलंय. बिन वरून भरलेला दिसत होता, खालून काही येत नव्हतं, म्हणून हेल्पर आत उतरला आणि मालावर उभा राहून सळई मारायला लागला. खाली कमान धरलेली होती, म्हणजे वर माल आणि आत पोकळी. कमान तुटली आणि तो एका क्षणात छातीपर्यंत आत गेला. कुणीतरी धावत जाऊन खालच्या तोंडाचं गेट बंद केलं, स्क्रू बंद केला, म्हणून तो तिथेच थांबला, नाहीतर संपलं होतं. आम्ही आधी त्याला दोराने ओढायचा प्रयत्न केला, तो ओरडायला लागला, एक इंच हलला नाही, कारण कमरेच्या वर माल आला की चारी बाजूंनी आवळतो आणि श्वास सोडला की ती जागाही माल भरून काढतो. शेवटी त्याच्या चारी बाजूंना प्लायवूडचे तुकडे खुपसून आतला माल घमेल्याने उपसला. तीन तास लागले. त्याच्या ओठांचा रंग मला अजून आठवतो.

आपल्याकडे जुन्या लोकांना हे माहीत होतं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीत खोल खड्डे, तोंड लहान. पेवाचं तोंड उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, आधी बराच वेळ हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडून बघायचं, विझला तर आत जायचं नाही. साठवलेलं धान्य श्वास घेतं, बंद जागेतला ऑक्सिजन संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड तळाला साचतो. तुमच्या बिनला हे कमीजास्त लागू आहेच. १९४८च्या कारखाने अधिनियमातही कलम ३६ याचसाठी होतं: वायू किंवा धूळ असू शकेल अशा टाकीत माणूस पाठवायचा तर जाणकाराने तपासून लेखी द्यायचं, नाहीतर श्वासाचं उपकरण आणि दोर बांधलेला पट्टा, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. भरलेल्या बिनमध्ये मालावर उभं राहायचं नाही, पट्टा असला तरी नाही. जे ढोसायचं ते बाहेरून, वरच्या झरोक्यातून लांब बांबूने.

आता मूळ गोष्टीकडे.

फॅब्रिकेटरची सगळ्यात मोठी चूक ही की तो डीओआरबीला पाणी समजतोय. पाण्याच्या टाकीत जितकी उंची तितका तळाला दाब, हे खरं आहे, म्हणून टाकी रिकामी होत आली की नळाची धार बारीक होते. धान्य, पीठ, सिमेंट यांचं तसं नसतं. १८९५ मध्ये ब्रेमेनच्या यान्सन नावाच्या जर्मन इंजिनियरने चौकोनी नळकांड्यांत धान्य भरून तळावर किती वजन येतं ते मोजलं, आणि दिसलं असं की सुरुवातीला वजन वाढतं आणि मग जवळजवळ थांबतं. वरचं सगळं वजन घर्षणाने भिंती उचलतात.

तुम्ही घरी करून बघा, मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. तीन इंची पीव्हीसी पाईपचा तीन फुटाचा तुकडा घ्या, भिंतीला किंवा टेबलाला घट्ट बांधा, खाली स्वयंपाकघरातला वजनकाटा असा ठेवा की पाईप काट्याला टेकणार नाही पण फटीतून ज्वारी सांडणारही नाही. वरून हळूहळू ज्वारी ओता. पहिल्या फुटापर्यंत आकडा वाढतो, मग तुम्ही ओतत राहता आणि आकडा तिथेच घुटमळतो. जवळजवळ तीन किलो ज्वारी आत गेली तरी काटा अर्ध्या किलोच्या आतबाहेरच दाखवतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की बिनची उंची वाढवायचा विचार आपोआप जातो, कारण वर आणखी दहा टन ठेवले तरी खालच्या तोंडावर त्याचा जोर पोचत नाही, उलट भरताना माल जास्त उंचीवरून आपटतो आणि आणखी घट्ट बसतो.

म्हणजे माल खाली येतो तो फक्त तोंडाजवळच्या मालाच्या स्वतःच्या वजनाने. तिथे तो स्वतःला धरून ठेवू शकला की वर काय आहे याने फरक पडत नाही. म्हणून सगळा विचार खालच्या हॉपरचा आणि तोंडाचा करायचा.

आता तुमचं अडकणं नेमकं कुठलं आहे ते बघा, कारण दोन प्रकार आहेत आणि औषध वेगळं आहे. एक म्हणजे कमान: तोंडाच्या वर माल पुलासारखा धरतो, खालून काहीच येत नाही. दुसरा म्हणजे विहीर: तोंडाच्या बरोबर वर तेवढाच गोल बोगदा पडतो, मधला माल पडून जातो आणि कडेचा भिंतीला चिकटून सरळ उभा राहतो. तुम्ही म्हणताय दोन-चार पोती पडतात आणि मग बंद, त्यावरून मला विहीर वाटतेय, पण वरून टॉर्च मारून खात्री करा (बाहेरूनच). नगर जिल्ह्यातल्या एका प्लांटवर मी असाच टॉर्च मारला होता, दोन फूट व्यासाची विहीर थेट तळापर्यंत, आणि बाजूने साडेचार मीटर उंच डीओआरबी उभा, कापून काढल्यासारखा. मालकाला वाटत होतं बिनमध्ये पंधरा टन माल आहे. होताही, पण त्यातला खाली येणारा दोन टन, बाकीचा तीन महिन्यांपासून तिथेच, कडेला बुरशी धरलेला.

हे आपल्या घरच्या कणगीतही व्हायचं. तळाशी भोक, त्यात चिंध्यांचा बोळा, बोळा काढला की ज्वारी यायची, पण वरून बघितलं तर मधोमध खड्डा पडायचा आणि कडेची ज्वारी जागची हलायची नाही. आधी भरलेलं शेवटी बाहेर येतं, आणि तोवर कडेला सोंडे लागलेले असतात. ज्वारी मोकळी असल्यामुळे तो खड्डा कोसळत राहतो म्हणून कणगी रिकामी होते. डीओआरबी बारीक, हलका, एकमेकाला धरणारा, तो कोसळत नाही. तुमचा मका का उतरतो हेही यातच आलं, दाणा जेमतेम सेंटीमीटरभर आणि तोंड दहा इंच. दाणेदार मालाला गोल तोंड सगळ्यात मोठ्या दाण्याच्या सहा ते आठ पट असलं की तो सहसा अडकत नाही. बारीक मालाला हा नियम लागत नाही, तिथे तोंड किती मोठं हवं हे माल किती चिकट आहे यावर ठरतं.

चांगल्या बिनमध्ये गेट उघडलं की सगळा माल एकदम हलायला पाहिजे, कडेचाही. त्याला मास फ्लो म्हणतात. हे कसं साधायचं याचं गणित मूळच्या पोलंडच्या अँड्र्यू जेनिके या इंजिनियरने अमेरिकेत यूटा विद्यापीठात बसून काढलं, १९६४ मध्ये त्यांचं बुलेटिन १२३ निघालं आणि आजही जगभर सायलो त्याच पायावर डिझाईन होतात. त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं: माल स्वतःवर किती घट्ट धरतो ते मोजा आणि माल भिंतीच्या पत्र्यावर किती घासतो ते मोजा. पहिल्यावरून तोंडाचं माप, दुसऱ्यावरून हॉपरचा उतार. आपल्याकडे बहुतेक फॅब्रिकेटर जमिनीवर मालाचा ढीग करून ढिगाचा कोन बघतात आणि त्यावरून उतार ठरवतात, आणि तिथेच चुकतं. ढिगाच्या कोनाचा हॉपरच्या उताराशी तसा संबंध नाही.

तुमचा हॉपर चौकोनी आहे, तिथे आणखी एक फसगत असते. फॅब्रिकेटरने सांगितलं असेल साठ अंशाचा उतार दिलाय. तो बाजूच्या पत्र्याचा. दोन पत्रे जिथे मिळतात त्या कोपऱ्याच्या रेषेचा उतार काढा, तो येतो सुमारे ५१ अंश. माल अडकायला सुरुवात होते ती कोपऱ्यात, आणि तिथे आतून वेल्डिंगचा जाड मणी असेल तर विचारूच नका. कोपऱ्यात आतून गोलाई देणारी पट्टी टाकून वेल्ड घासून घेतला तरी बराच फरक पडतो.

आणि हातोडा. तुमच्या हॉपरचा फोटो मी बघितलेला नाही पण मला माहितीये तो कसा दिसत असेल, गारपीट झालेल्या पत्र्यासारखा. बाहेरून पडलेला प्रत्येक घाव आत उंचवटा होतो, त्यावर माल टेकतो, म्हणून पुढच्या वेळी आणखी जोरात मारावं लागतं. जितकं ठोकाल तितकी ठोकायची गरज वाढत जाते. ठोकायचंच तर निदान एकाच ठिकाणी जाड प्लेट वेल्ड करून घ्या (बिन पूर्ण रिकामा आणि झाडून झाल्यावर) आणि रबरी हातोडा तिथेच मारा.

भिंतीचं घर्षण तुम्ही स्वतः मोजू शकता, लॅबइतकं अचूक नाही पण तुलना कळते. सहा इंची पाईपचा दोन इंच उंच कडा कापा, पत्र्याच्या तुकड्यावर ठेवा, आत तुमचा डीओआरबी भरा, कडा किंचित वर उचला म्हणजे तो पत्र्याला घासणार नाही, मालावर आतल्या मापाचा लाकडी गोल आणि त्यावर वीट ठेवा. मग पत्रा एका बाजूने हळूहळू उचला आणि माल घसरायला लागला तो कोन मोबाईलवर बघा. आधी तुमच्या जुन्या गंजलेल्या एमएसवर करा, मग एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) च्या गुळगुळीत पत्र्यावर करा. आठ-दहा अंशांचा फरक सहज दिसतो. तो फरक म्हणजे तुमच्या हॉपरला फुकटात मिळालेला उतार, उंची न वाढवता. अस्तर लावताना वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर आला पाहिजे, कौलं जशी घालतो तशी. उलटं लावलं तर प्रत्येक सांध्यावर पायरी तयार होते, मी असं उलटं लावलेलं एसएसचं महागडं अस्तर बघितलंय आणि ते सगळं काढावं लागलं.

वेळेचा मुद्दा लोक विसरतात. डीओआरबी चालता ठेवला तर बरा असतो, शनिवारी रात्री बिन भरून ठेवला आणि सोमवारी उघडला तर तो स्वतःच्या वजनाने दबून बसलेला असतो. त्यात पावसाळा आला, किंवा गरम माल भरला, तर रात्री पत्रा थंड झाला की आतून घाम सुटतो आणि भिंतीलगतच्या मालाची खपली होते. मूठभर माल दाबून बघा, मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे, मग कुठलाही हॉपर कमीच पडणार. तेल न काढलेलं राईस पॉलिश (तांदळाचा बारीक कोंडा) असेल तर ते आणखी चिकट. म्हणून तुमच्या चार बिनपैकी कुठल्या बिनमध्ये काय भरायचं हेही बदलून बघा, सगळ्यात उभ्या उताराच्या आणि मोठ्या तोंडाच्या बिनमध्ये डीओआरबी आणि साध्या बिनमध्ये मका. बऱ्याच ठिकाणी उलटं असतं, का ते कुणालाच सांगता येत नाही.

गेट अर्धवट उघडून माल कमीजास्त करत असाल तर ते थांबवा. अर्धं गेट म्हणजे तोंडावर अडसर, विहीर तिथूनच सुरू होते. गेट पूर्ण उघडं, आणि किती माल घ्यायचा ते स्क्रूच्या स्पीडवर.

आता तोंड. माझ्या मते तुमच्या केसमध्ये खरा फायदा इथे आहे. दहा इंची चौकोनी तोंडाऐवजी लांबट तोंड करा, बारा इंच रुंद आणि साधारण चार फूट लांब. लांबट तोंडाला गोल किंवा चौकोनी तोंडाच्या साधारण निम्मी रुंदी पुरते आणि उतारही दहा-बारा अंशांनी कमी चालतो, लांबी रुंदीच्या निदान तिप्पट हवी एवढंच. पण इथे एक सापळा आहे, तुमचा सध्याचा स्क्रू सगळीकडे सारख्या पिचचा, म्हणजे दोन पात्यांमधलं अंतर सारखं असलेला, असणार. असा स्क्रू लांब तोंडाखाली ठेवला तर मागच्या टोकाला पहिल्याच पिचमध्ये भरतो आणि पुढे त्याला नवीन माल घ्यायला जागाच उरत नाही, म्हणजे चार फुटांचं तोंड असून माल उतरतो सहा इंचातून. बिनमध्ये वरून बघितल्यावर खड्डा एका बाजूला पडलेला दिसला की समजायचं हेच होतंय. पिच पुढे पुढे वाढत जाणारा स्क्रू करून घ्या, म्हणजे प्रत्येक पाती आपापला माल घेईल. तोंड मोठं केलं आणि स्क्रू तोच ठेवला तर पैसे वाया.

बाजूने दुसरं तोंड पाडायचं तुम्ही विचारलंय. माझं सरळ नाही आहे. मधून माल निघतो तेव्हा भिंतींवर दाब चारी बाजूंनी बऱ्यापैकी सारखा राहतो, बाजूने काढला की एका भिंतीचा दाब कमी आणि दुसऱ्या बाजूचा तसाच, पत्रा तिथे आत मुरडतो. गोल सायलोमध्ये तर हे फार धोक्याचं, पण चौकोनी बिनलाही त्यासाठी डिझाईन केलेलं नसेल तर हात लावू नका.

व्हायब्रेटरचं काय झालं ते सांगतो. पिठाचा डबा ओट्यावर आपटला की पीठ खाली बसतं आणि डब्यात आणखी जागा होते, तेच झालं. गेट बंद असताना व्हायब्रेटर चालू राहिला की माल ठासला जातो. इलेक्ट्रिशियनला सांगून असं करा की गेट उघडं आणि स्क्रू चालू असेल तेव्हाच व्हायब्रेटर चालेल, तोही काही सेकंद चालू आणि मग थांबा. एअर ब्लास्टर वाईट वस्तू नाही, सिमेंटमध्ये मी स्वतः बसवलेत, पण ते योग्य आकाराच्या हॉपरला मदत म्हणून. आकार चुकलेला असेल तर ब्लास्टर एक विहीर फोडतो आणि दहा मिनिटांत दुसरी तयार होते, शिवाय कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असेल तर तुम्ही डीओआरबीवर पाणीच मारताय.

माझा क्रम असा राहील: या आठवड्यात पैसे न लागणारं, म्हणजे शनिवारी बिन रिकामा, गेट पूर्ण उघडं, व्हायब्रेटरचं वायरिंग, बिनांची अदलाबदल. त्यानेच निम्मा त्रास कमी झाला तर पुढे फक्त एसएस अस्तर आणि कोपऱ्याची गोलाई. नाही झाला तर तोंड आणि स्क्रू एकत्र बदला. ब्लास्टरचा विचार त्याच्याही नंतर. हे सगळं मी डीओआरबी कोरडा आहे असं धरून सांगतोय, तुम्ही त्यात मळी किंवा तेल मिसळून मग बिनमध्ये भरत असाल तर मला सांगा, मग उत्तर बदलेल, तो माल बिनमध्ये ठेवूच नये या मताचा मी आहे, मिक्सरमध्येच टाकावा. आणि पुढे मोठा सायलो करणार असाल तर तुमच्या मालाची शिअर टेस्ट (माल स्वतःला आणि भिंतीला किती धरतो ते लॅबमध्ये मोजणं) करून घ्या, तो खर्च स्टीलच्या खर्चापुढे काहीच नाही.

पत्रा कापण्याआधी मला तीन गोष्टी कळवा: कोपऱ्याचा मोजलेला उतार, दोन्ही पत्र्यांवरचे घसरण्याचे कोन, आणि टॉर्च मारून आत काय दिसलं. त्यावरून तोंडाचं माप मी काढून देतो. आणि मॅनहोलला चार इंचाच्या चौकटीची सळयांची जाळी उद्याच लावा, बांबू जाईल पण माणूस जाणार नाही अशी. बोल्टने लावा, माल भरलेल्या बिनवर वेल्डिंग करू नका, डीओआरबीची धूळ पेट घेते. त्या पोरालाही समोर बसवून हे सांगा, त्याला बहुतेक कुणी सांगितलेलंच नसेल.